देवी आली, पिठे ओस पडले

सुरत जिल्ह्याच्या पूर्व भागात खानपूर नावाचं गाव आहे. तिथे 9 नोव्हेंबर 1922 रोजी सुमारे दोन हजार आदिवासी एका मांडवाभोवती जमले होते. मांडवात हातात लाल फडकं घेतलेली माणसं बसली होती. त्यांच्या अंगात वारं आलं होतं आणि त्यांच्या तोंडून सलाबाई नावाची देवी बोलत होती. तिचे हुकूम मोजके होते. दारू सोडा, ताडी सोडा. मांस-मासे खाऊ नका. पुरुषांनी दिवसातून दोनदा अंघोळ करावी, बायांनी तीनदा. स्वच्छ आणि साधं राहा. पारशांशी कसलाही संबंध ठेवू नका. हुकूम सांगून झाल्यावर देवीचा वेश केलेल्या मुलीपुढे लोकांनी पैसे वाहिले आणि सगळे भंडाऱ्याच्या पंगतीला बसले. पुढच्या काही आठवड्यांत त्या मुलखातली गावंच्या गावं दारू सोडत गेली.

ही देवी मूळची गुजरातची नव्हे. ती आमच्या किनाऱ्यावरून तिकडे गेली. पालघर तालुक्यातल्या मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत ती आधी बोलू लागली, मग डहाणू-उंबरगावकडे सरकली, तिथून धरमपूर, वांसदा, सुरगाणा करत डांगाच्या जंगलात शिरली आणि खानदेशापर्यंतही पोचली. मी मांगेल्यांच्याच घरातली. पालघर-डहाणू भागात व्यसनमुक्तीचं काम करते. पण आमच्या घरात, आळीत, लग्नाकार्यात या देवीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराच्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ या 1987 साली निघालेल्या पुस्तकात ती मला भेटली. हार्डिमन यांनी सरकारी दप्तरं चाळलीच, शिवाय दक्षिण गुजरातच्या पाड्यापाड्यांवर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं. ते पुस्तक वाचल्यापासून माझ्या कामाकडे बघण्याची माझी नजरच बदलली, म्हणून हा लेख.

सुरुवात देवीच्या रोगापासून झाली. त्या काळी देवीची साथ आली की वस्तीतली तान्ही पोरं पटापट जात. मग देवीला शांत करायचं, तिची पूजा मांडायची, तिला परत पाठवायचं, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. अशाच पूजांमध्ये कुणाच्या तरी अंगात येई आणि देवी काय मागते ते लोक ऐकत. एरवी देवी कोंबडं मागे, नारळ मागे. या खेपेला तिने मागितलं ते निराळंच होतं. दारू-ताडी सोडा आणि मांस-मासे सोडा, असं ती म्हणाली. ज्यांची चूल मासळीवर पेटते त्यांना मासे सोडायला सांगणारी देवी! कोळीवाड्यात मासे फार काळ बंद राहणं शक्यच नव्हतं आणि राहिलेही नाहीत. पण बोलणं जंगलपट्टीत पोचलं आणि तिथे त्याने मूळ धरलं.

तिथेच का धरलं, हे समजायला 1922 च्याही चव्वेचाळीस वर्षं मागे जावं लागतं. त्याआधी आदिवासी घरात मोहाची फुलं वेचायची, सुकवायची, भिजत घालायची आणि परसात मडकी लावून हवी तेवढी दारू काढायची, असा प्रघात होता. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने घरच्या भट्टीला गुन्हा ठरवलं. दारू आता सरकारमान्य भट्टीतूनच निघणार, लिलावात मक्ता घेतलेल्याच्या दुकानातच विकली जाणार. ताडाच्या झाडावर झाडागणिक कर बसला. तेवढ्यावर भागलं नाही. 1892 च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर, विकण्यावर, इकडून तिकडे नेण्यावर बंधनं आली. दारातल्या झाडाचं फूल वेचणारा माणूस गुन्हेगार ठरला आणि तीच दारू त्याने रोख पैसे देऊन किंवा उधारीवर दुकानातून आणावी असं ठरलं. उधारी वाढली, व्याज वाढलं, दुकानदार सावकार झाला आणि सावकाराकडे जमीन गेली. जमीन गेलेला माणूस त्याच दुकानदाराच्या शेतावर राबू लागला. दक्षिण गुजरातच्या आणि ठाणे जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात हे मक्ते बहुतेक पारशी कुटुंबांकडे होते. देवीच्या हुकमात पारशांचं नाव येतं ते यामुळे. ते नाव एका धर्माच्या लोकांचं असलं तरी राग मक्त्यावर होता, आणि मक्त्याच्या पैशातला मोठा वाटा सरकारी तिजोरीत जात होता, हे विसरून चालणार नाही.

पण कर्ज आणि जमीन एवढ्याने ही गोष्ट पुरी होत नाही. दारू नुसती प्यायची वस्तू असती तर देवीची गरजच पडली नसती. त्या मुलखात दारू देवाची होती. पेरणीला धरणीवर तिची धार सोडायची, मळणीला धान्याची देवी कणसरी हिच्यापुढे ठेवायची, वाघदेवाला द्यायची. सोयरीक ठरली हे दारूने कळायचं, लग्नात विधी सांगणारी धवलेरी बसली की तिच्यापुढे दारू हवी, माणूस गेला की त्याच्या नावाने पानावर दारू ओतल्याशिवाय दिवस पुरा होत नसे. अशा ठिकाणी एखाद्याने उठून ‘मी सोडली’ म्हटलं तर तो देवाचं, पितरांचं आणि भावकीचं देणं बुडवतो असंच सगळ्यांना वाटणार. त्याची सुटका माणसाच्या हातात नव्हती. ती देवीच करू शकत होती, कारण देणं देवांचंच होतं. सलाबाईने नेमकं हेच केलं. जुन्या देवांचं देणं माफ झालं, असं सांगण्याचा अधिकार तिच्याकडे होता.

समुपदेशक म्हणून मला या चळवळीतली सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे. हुकूम साऱ्या गावाला एकदम होता, म्हणून कुणाला दारुडा म्हणून वेगळं काढलं गेलं नाही. जो पोटभर पीत होता त्याने सोडली आणि जो सणावाराला घोटभर घेत होता त्यानेही सोडली. माझ्याकडे येणारा माणूस आधी लाजेने अर्धा झालेला असतो. बायकोने आणलेला, डोळे खाली, हात मांडीखाली दाबून धरलेले, कारण हात थरथरतात. त्याला आम्ही सांगतो की हा आजार आहे, तू वाईट माणूस नाहीस, आणि ते त्याला पटायला महिने जातात. देवीच्या मांडवात ही लाज उरलीच नव्हती. तिथे कुणाला माझी चूक झाली असं म्हणावं लागत नव्हतं. देवीने सांगितलं, आम्ही ऐकलं, एवढं पुरे होतं.

ऐकण्याची किंमत मात्र लोकांनी खरोखर मोजली. कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या किंवा सोडून दिल्या. ज्या दुकानदाराकडे दारू मिळते त्याच्या शेतावर कामाला जायचं नाही असं ठरलं आणि हातावर पोट असलेल्या माणसांनी ते पाळलं. दारूचे पिठे ओस पडले. दुकानदारांनी सरकारदरबारी गाऱ्हाणी नेली. विहिरीच्या पाण्यात गांधीजी चरखा चालवताना दिसतात, अशी वदंता गावोगाव पसरली. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि आपलं नाव एका देवीबरोबर जोडलं गेलंय याची बातमीही त्यांना लगेच मिळाली नसेल. काँग्रेसची माणसं मागाहून आली. जानेवारी 1923 मध्ये शेखपूरला परिषद भरली, तिला वल्लभभाई पटेल आले, कस्तुरबा आल्या, खादीची भाषा सुरू झाली. शाळेच्या पुस्तकात या भागाचा इतिहास तिथून सुरू होतो. तो तसा सांगणं मला अन्यायाचं वाटतं. दारूबंदीचा निर्णय आदिवासींनी पुढाऱ्यांच्या आधी घेतला होता आणि तो स्वतःच्या देवीच्या तोंडून घेतला होता.

मग पुढे काय झालं? देवी निघून गेली. अंगात येणं थांबलं, मांडव उठले. वर्ष-दोन वर्षांत बरीच माणसं पुन्हा दारूकडे वळली. व्रत पाळणारे ते ‘वरजेला’ आणि परत फिरलेले ते ‘सरजेला’ अशी दोन नावं पडली, पंगती वेगळ्या झाल्या. आमच्या कामात हे रोज दिसतं. सोडण्याचा दिवस एक असतो, तो उत्साहात पार पडतो. खरा प्रश्न त्यानंतरच्या संध्याकाळींचा असतो. सहा वाजले की पाय कुठे वळतात? जिथे देवी गेल्यावरही जमण्याची जागा राहिली, भजन राहिलं, चरखा राहिला, वेडछीसारखा आश्रम उभा राहिला, तिथे वरजेला टिकले. जिथे तसं काही उभं राहिलं नाही तिथे पिठा पुन्हा भरला.

ही उणीव पुढच्या पिढीत एका भिल्ल माणसाने भरून काढली. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज. लोक त्यांना गुला महाराज म्हणतात. 1937-38 च्या सुमाराला त्यांनी आरती सुरू केली. दर सोमवारी लोकांनी अंघोळ करून यावं, आरती करावी, दारू-मांस सोडावं, चोरी करू नये आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारावी. यातली शेवटची गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याला सावकारापासून फॉरेस्ट गार्डपर्यंत सगळे अरेतुरे करतात, त्याला त्याचाच शेजारी ‘आप’ म्हणतो. पिणारा माणूस स्वतःला कवडीमोल समजत असतो. त्याला दर सोमवारी शेकडो लोकांनी आदराने हाक मारणं हे कुठल्याही गोळीपेक्षा कमी नाही. शिवाय इथे देवी येण्याची वाट बघायची नव्हती, कारण सोमवार दर आठवड्याला येतोच.

गुला महाराज 1938 मध्येच गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी आरती पुढे चालवली. एवढे लोक एका ठिकाणी जमतात, दारू पीत नाहीत आणि मान वर करून बोलतात, हे सरकारला सोसणारं नव्हतं. बंदी आली, रामदास महाराजांना हद्दपारी झाली. 2 मार्च 1943 रोजी रावलापाणी इथे त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला आणि त्यात पंधरा आदिवासी मारले गेले. देवाच्या नावाने दारू सोडलेल्या या माणसांची नावं महाराष्ट्रातल्या किती मुलांना माहीत आहेत, हा प्रश्न मला छळतो. याच परिसरात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. तिचे एक नेते अंबरसिंग महाराज मुळात भजनी मंडळ चालवणारे होते. शहादा तालुक्यातल्या बायकांनी त्या वर्षांत गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मजुरीच्या आणि जमिनीच्या लढ्याआधी त्या मातीत आरती आणि भजन रुजलेलं होतं, हा धागा मला स्पष्ट दिसतो.

विदर्भात गाडगे महाराजांनीही रीतिरिवाजातल्या दारूची नेमकी नस पकडली होती. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. त्यांच्या परीट समाजात बारशाला मटण आणि दारू ही चालत आलेली रीत. डेबूजींनी, म्हणजे तरुण गाडगेबाबांनी, स्वतःच्या मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण वाढलं. भावकी चिडली. पण नुसता उपदेश न करता त्यांनी कार्यातलीच दारू काढून टाकली, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनात नवस, बळी, कर्ज आणि दारू यांची एकत्र झडती घेतली. त्यांनी कुणाला शिष्य केलं नाही, गंडेदोरे दिले नाहीत. श्रद्धेने दारू सुटते असं म्हणताना मला त्यांची आठवण ठेवावी लागते, कारण ‘दारू सोडवून देतो’ म्हणणारे बाबा आमच्या भागात आजही आहेत. ते माळ घालतात, अंगारा देतात, पुडी देतात. काही पुड्यांत अशा गोळ्यांची पूड असते की ती पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतावं. घरची माणसं ती न सांगता भाजीत कालवतात. त्यात श्रद्धा नाही, फसवणूक आहे.

अमेरिकेत 1935 साली ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. म्हणजे गुला महाराजांच्या आरतीच्या दोन-तीन वर्षं आधी. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नाही. तिथेही ठरलेल्या दिवशी जमणं आहे, आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकणं आहे, आणि ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानायची मुभा आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. औषधोपचार आणि समुपदेशनाच्या जोडीने गटाचा आधार देणारी अशी केंद्रं झाली नसती तर माझ्यासारख्यांना हे काम शिकायलाच मिळालं नसतं.

आता माझ्या भागातली एक गोष्ट सांगते. डहाणूच्या बाजूच्या एका पाड्यावरचा तरुण उपचार घेऊन घरी आला होता. थोड्याच दिवसांत त्याच्या बापाचा दिवस करायचा होता. पितराच्या नावाने दारू ओतायची आणि ओतणाऱ्या मुलाने पहिला घोट घ्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत. तो मला म्हणाला, “ताई, मी नाही ओतली तर बाप तहानलेला राहील. ओतली तर मी संपलो.” मी भगताकडे गेले. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाई, मी माझ्या मनाने बदलणार नाही. विचारावं लागेल.” त्याने सूप पुढ्यात घेतलं, तांदळाचे दाणे टाकले, बोटाने एकेक जोडी बाजूला सारत गेला, पुन्हा टाकले, पुन्हा मोजले. पाड्यावरची माणसं श्वास रोखून बघत होती. अखेर त्याने मान वर केली आणि म्हणाला की बाप शहाळ्याचं पाणी घेतो म्हणतोय. पळसाच्या पानावर शहाळ्याचं पाणी ओतलं गेलं आणि मुलाने पहिला घोट घेतला. चुलते कुरकुरले, उठून गेले, रात्री त्यांनी बाहेर बसून आपली प्यायली. मुलगा पुढे एका होळीला घसरला, पुन्हा उपचाराला आला, आज कामावर जातो. त्या भगताला सलाबाईचं नाव ठाऊक नाही. पण तिने 1922 साली जे केलं तेच त्याने एका घरापुरतं केलं.

एक गोष्ट इथे बजावून सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. 1922 च्या मांडवांत असं कुणाला झालं का, याची नोंद करणारं तिथे कोणी नव्हतं. आज सरकारी रुग्णालयात त्यावर उपचार आहेत. हात थरथरत असतील, सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग माळ, आरती, बैठक, जे काही तुमच्या घराला मानवेल ते. देवीच्या नावाने शपथ घेतली म्हणून अंगाला औषध लागत नाही असं होत नाही.

पालघर, डहाणू, जव्हार, सुरगाणा, कळवण, नवापूर, तळोदा या भागांतल्या वाचकांना मला एक विनंती करायची आहे. हार्डिमन यांच्याशी बोललेली माणसं आता हयात नसणार, पण त्यांची मुलं, सुना, नातवंडं आहेत. तुमच्या घरात एखाद्या आजीच्या तोंडी देवीचं गाणं असेल, सोमवारच्या आरतीची आठवण असेल, अमुक घराने अमुक साली दारू सोडली असं कुणी सांगत असेल, तर ते तिच्याच बोलीत लिहून काढा किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करा, गावाचं नाव आणि तारीख घाला आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा गावच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. आणि घरात पुढचं कार्य निघेल तेव्हा, हळद असो की दिवस, यादी करताना त्यात दारू लिहायची की नाही हे बायकांना विचारून ठरवा.